विश्लेषण : ‘कोणाला काही शंका?’ विचारताच वर्ग गप्प का होतो? दोष मुलांच्या लाजाळूपणाचा की वर्गाच्या सवयींचा?

तास संपायला पाच मिनिटे उरलेली असतात. फळा भरलेला असतो. शिक्षक हातावरचा खडू झटकत विचारतात, ‘कोणाला काही शंका?’ साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकही हात वर जात नाही. ‘म्हणजे सगळ्यांना समजले’ असे म्हणून पुढचा भाग सुरू होतो. तास सुटल्यावर मात्र जिन्यात, बसथांब्यावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : ‘ती तिसरी पायरी तुला कळली का?’

अकरावी, पदविका, अभियांत्रिकी किंवा नर्सिंग, वर्ग कोणताही असो, हे दृश्य सारखेच असते. त्यावरचा नेहमीचा सल्लाही ठरलेला असतो : ‘लाजू नका, बिनधास्त विचारा.’ पण संकोच केवळ सल्ल्याने जात नाही, कारण तो केवळ त्या मुलाचा नसतो. तो घरात, शाळेत आणि वर्गाच्या रोजच्या सवयींत घडत जातो. त्यामुळे तो घालवण्याची जबाबदारीही एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.

गप्प बसण्याची किंमत कोण मोजते?

गणितात किंवा भौतिकशास्त्रात एक पायरी सुटली की पुढच्या दहा पायऱ्या डोक्यावरून जातात. ज्याने त्या दिवशी विचारले नाही, तो दुसऱ्या दिवशी विचारू शकत नाही, कारण आता प्रश्न दोन झालेले असतात. आठवडाभरात ‘हे आपल्याला जमणारच नाही’ असे मन ठरवून टाकते. मग खासगी शिकवणीचा शोध सुरू होतो. वर्गात दोन मिनिटांत फुकट सुटली असती अशी शंका घराला हजारो रुपयांना पडते. ज्या घरात ते पैसे नसतात, तिथे विषय सुटतो किंवा शाखा बदलावी लागते.

पुढे प्रात्यक्षिक परीक्षेतील तोंडी प्रश्न, प्रकल्पाचे सादरीकरण आणि नोकरीची मुलाखत येते. तिथे उत्तर येत असूनही आवाज फुटत नाही म्हणून गुण आणि संधी जातात. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण व्यवहाराच्या अनुभवातून आली आहे आणि ती वर्गालाही लागू पडते.

हा संकोच येतो कुठून?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चांगला वर्ग म्हणजे शांत वर्ग, हे समीकरण पहिलीपासून मनात बसते. मॉनिटरचे काम काय, तर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे. म्हणजे ‘बोलला’ हाच गुन्हा. दहा वर्षे हे शिकवल्यानंतर अकरावीत अचानक ‘तुम्ही बोलत का नाही?’ असे विचारले जाते.

त्यात टोपणनावांची भर पडते. सारखे प्रश्न विचारणारा ‘शंकासुर’ ठरतो, उत्तरे देणारा ‘अतिशहाणा’ आणि चुकणारा पुढचे वर्षभर त्याच चुकीच्या नावाने ओळखला जातो. शिक्षकांचे ‘हे मागच्या वर्षी झाले नाही का?’ असे एखादे वाक्यही पुरते. ते एकालाच उद्देशून असते, पण गप्प बसायला सगळा वर्ग शिकतो.

घरीही चित्र फार वेगळे नसते. पाहुण्यांनी मुलीला नाव विचारले की उत्तर आई देते आणि वर ‘ती जरा लाजाळूच आहे’ असे शिक्कामोर्तबही करते. दुसरीकडे त्याच मुलीला ‘काकांना कविता म्हणून दाखव’ असा हुकूम होतो. तिला स्वतःचे बोलू द्यायचे नाही आणि पाठ केलेले मात्र म्हणायला लावायचे, या दोन्हींमधून बोलणे म्हणजे परीक्षा असा तिचा समज होतो.

मनात नेमके काय होते?

संकोच ही दुर्मीळ गोष्ट नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी १९७०च्या दशकात केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटले होते. म्हणजे वर्गात ‘मी एकटाच असा’ असे वाटणारे बरेच जण एकाच वेळी बसलेले असतात.

दुसरी गोष्ट, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत हा समज. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले गेले. खोलीतील जवळपास निम्म्या जणांनी आपला टी-शर्ट पाहिला असणार, असा अशा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एक चतुर्थांशही लोकांच्या तो लक्षात आला नव्हता. गिलोविच यांनी केनेथ सवित्स्की यांच्यासह केलेल्या आणखी एका अभ्यासात दिसले, की बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. एवढी माहिती आधी दिली, तरी लोक अधिक चांगले बोलले.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७मध्ये विद्यार्थ्यांना मुद्दाम न समजणारा मजकूर वाचायला दिला आणि अडले तर विचारायला या, असे सांगितले. कुणीच आले नाही. ‘मी लाजेने विचारले नाही, पण बाकीच्यांना समजले असेल म्हणून ते गप्प आहेत’ असे त्यांना वाटत होते. ‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नानंतर पसरणारी शांतता नेमकी हीच असते. ती समजल्याची खूण नसते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मौनाचा चुकीचा अर्थ लावत असतो.

भाषेचा अडसर किती मोठा?

महाराष्ट्रात हा प्रश्न भाषेपासून वेगळा करता येत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, अगदी ‘सेमी इंग्रजी’त गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेली मुलेही अकरावी विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात बसतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकाच वेळी दोन कामे चालू असतात : विषय समजून घेणे आणि प्रश्नाचे इंग्रजी वाक्य जुळवणे. वाक्य जुळेपर्यंत शिक्षक पुढे गेलेले असतात. ही विद्यार्थिनी हुशार नाही असा शेरा मिळतो. खरे तर ती दुप्पट काम करत असते.

भीती केवळ इंग्रजीची नसते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मराठी वर्गातही हसतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलत वाढलेली मुले शहरातील वर्गात पहिल्या आठवड्यातच ताडतात, की इथे आपण काय बोललो यापेक्षा कसे बोललो याकडे लक्ष आहे. त्यानंतर ती बोलत नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यावर भर देते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. मात्र धोरणाची वाट न पाहता एक बदल कोणत्याही वर्गात उद्यापासून होऊ शकतो : शिकवणे इंग्रजीत असले तरी प्रश्न मराठीत विचारण्याची उघड मुभा. प्रश्नाचा उद्देश शंका फेडणे हा असतो. इंग्रजी दाखवण्यासाठी दुसरी ठिकाणे आहेत.

सगळ्यांचा संकोच सारखाच असतो का?

नाही. काही मुले स्वभावाने अबोल असतात, तर काहींना गप्प केले गेलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून ते उचलायला वर्गातील मुले धावली, ही घटना त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. अशा वर्गात बसलेल्या मुलाला ‘आत्मविश्वास वाढव’ असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. आज डबे हलवले जात नसतील, पण आडनावावरून, फी-सवलतीच्या यादीवरून किंवा वसतिगृहाच्या नावावरून होणारी कुजबुज पुरेशी बोलकी असते.

मुलींचेही तसेच. १० देशांतील सुमारे २५० शैक्षणिक परिसंवादांच्या निरीक्षणावर आधारलेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया प्रश्न विचारण्याची शक्यता त्यात बरीच कमी दिसली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे स्त्रियांचे प्रश्न आणखी घटत. ही उच्चशिक्षित संशोधकांची गोष्ट. मुलाच्या प्रश्नाला ‘हुशार’ आणि मुलीच्या प्रश्नाला ‘आगाऊ’ म्हणणाऱ्या वर्गात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

गांधीजींच्या अनुभवातून काय शिकता येते?

महात्मा गांधींनी आपल्या लाजाळूपणाबद्दल आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण बैठकीत त्यांची जीभ उचलत नसे. व्हेंटनर येथील सभेत लिहून नेलेले भाषणही त्यांना वाचता आले नाही, ते दुसऱ्याने वाचले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न न सुचता ते खाली बसले आणि घेतलेली फी परत केली.

पुढे १८९३मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे त्यांनी भारतीय व्यापाऱ्यांसमोर भाषण केले. ते आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे ते लिहितात. या वेळी वेगळे काय होते? विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता : व्यापारातील सचोटी. तयारी होती. समोरची माणसे आपली होती आणि सांगण्यासारखे काहीतरी होते. त्यांचा स्वभाव एका रात्रीत बदलला नव्हता, परिस्थिती वेगळी होती. आपल्या संकोचाने शब्द जपून वापरायला शिकवले, असेही त्यांनी पुढे नमूद केले. अबोल मुलाला बडबड्या बनवणे हे ध्येय असू नये. गरज असेल तेव्हा त्याला बोलता यावे, एवढे पुरे.

विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

भीती गेल्यावर बोलू, असे ठरवणारा कधीच बोलत नाही. आधी थोडे बोलले की मग भीती कमी होते. त्यामुळे पायऱ्या लहान हव्यात.

पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर शिक्षकांना एकट्याने एक प्रश्न विचारावा. त्यामुळे शिक्षक चेहऱ्याने ओळखू लागतात आणि अर्धी भीती तिथेच जाते. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या तीन बाकांवर बसून पाहावे, कारण मागच्या बाकावरून विचारताना सगळ्या माना वळतात, पुढून विचारताना त्या दिसत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात वर्गात एकच, छोटा प्रश्न विचारावा आणि तो तासाच्या सुरुवातीलाच. जितका वेळ थांबावे तितकी धडधड वाढते.

प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवला की वाक्य अडत नाही. ‘सर, काहीच कळले नाही’ यापेक्षा ‘सर, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह कुठून आले?’ हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तर द्यायलाही सोपा. ‘मॅडम, ही ओळ पुन्हा एकदा सांगाल का?’ एवढेही चालते. शेजारच्या मित्राशी करार करता येतो : आज तू विचार, उद्या मी. दुसऱ्याची शंका विचारताना स्वतःची लाज कमी वाटते, हा अनेकांचा अनुभव आहे.

छाती धडधडली तर ‘मी घाबरलो’ऐवजी ‘अंगात उत्साह आला आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांचे सादरीकरण अधिक चांगले झाले, असे हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४मधील प्रयोगांत दिसले. आणि उत्तर चुकलेच तर? खाली बसून बरोबर उत्तर लिहून घ्यावे. वर्गाच्या ते लक्षात राहत नाही, विचारणाऱ्याच्या मात्र जन्मभर लक्षात राहते.

शिक्षकांना काय करता येईल?

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण अभ्यासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलत किंवा दुसऱ्याला विचारत. हा अवधी तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे घटले. ज्यांना ‘कच्ची’ समजले जाई, ती मुलेही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे तीन सेकंद फार मोलाचे असतात.

दुसरा उपाय, ‘कोणाला काही शंका?’ हा प्रश्नच बदलणे. त्याऐवजी ‘यातली सर्वात अवघड पायरी कोणती? शेजाऱ्याशी एक मिनिट बोला आणि सांगा’ असे विचारले की शंका असणे गृहीत धरले जाते. आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडली. ‘आमच्या दोघांना असे वाटते’ हे ‘मला असे वाटते’पेक्षा सोपे जाते.

तिसरा उपाय चिठ्ठ्यांचा. तास संपताना प्रत्येकाने नाव न घालता एक शंका लिहून टेबलावर ठेवायची, पुढच्या तासाला पहिली पाच मिनिटे त्यातील दोन-तीन सोडवायच्या. आपलीच शंका आणखी दहा जणांनी लिहिली आहे हे कळले, की पुढच्या वेळी हात वर जातो. शाळेत परिपाठातील सुविचार, बातम्या, दिनविशेष ही कामे त्याच चार ‘स्टेजवरच्या’ मुलांना न देता आळीपाळीने द्यावीत. आणि कुणाच्या प्रश्नावर वर्ग हसला, तर शिक्षकाने त्यात सामील होऊ नये. अख्खा वर्ग त्याच क्षणी शिक्षकाकडे पाहत असतो.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे शक्य आहे का?

हा आक्षेप खरा आहे. अभ्यासक्रम मोठा, तास ४०-५० मिनिटांचा आणि अनेक ठिकाणी शिक्षकांच्या जागा रिक्त. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. पण मूल नववीत गेले की त्या कायद्याचे संरक्षण संपते आणि नेमक्या त्याच वयात वर्ग फुगतात. वर्ग लहान करण्याची मागणी म्हणूनच सोडता येणार नाही.

तरीही गर्दी हे एकमेव कारण नाही. डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स या समाजशास्त्रज्ञांना १९७६मध्ये आढळले, की चाळिसाहून कमी विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन वर्गातही सुमारे तीन चतुर्थांश संवाद चार-पाच जणच करतात. बाकीच्यांनी ‘बोलणे’ हे काम जणू त्यांच्याकडे सोपवलेले असते. शिक्षकालाही ते सोयीचे जाते. त्यामुळे वर्ग लहान झाला तरी सवय बदलली नाही, तर शांतता तशीच राहील.

नाव घेऊन उठवणे हा उपाय काही जण सुचवतात. तो दुधारी आहे. नियमितपणे, सर्वांना आणि अपमान न करता विचारले, तर कालांतराने स्वतःहून बोलणारेही वाढतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. पण लक्ष नसलेल्याला पकडण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून उभे केले, तर तोच प्रश्न वर्षभराचे मौन देऊन जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, याची आठवण इथे ठेवायला हवी.

मदत कधी घ्यावी?

लाजाळूपणा हा आजार नाही. मात्र बोलावे लागेल या भीतीने मूल शाळा बुडवू लागले, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, पोटात ढवळत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर तो सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि समुपदेशनाने, विशेषतः भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या पद्धतीने, बरा होऊ शकतो. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. अशा मुलांना ‘लवकर बोल’ असे सांगण्याने अडखळणे वाढते.

घरच्यांनाही एक काम आहे. मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिलाच देऊ द्यावे, थोडा वेळ लागला तरी. ‘ती लाजाळू आहे’ हे तिच्यासमोर म्हणू नये. ‘किती गुण मिळाले?’ याच्या जोडीला ‘आज वर्गात काय कळले नाही?’ हेही विचारावे आणि उत्तर ऐकून रागावू नये. न कळल्याचे घरी निर्धास्तपणे सांगता आले, तर ते वर्गात सांगायला कमी धैर्य लागते.

नव्या सत्रात ‘कोणाला काही शंका?’ हा प्रश्न पुन्हा हजारो वर्गांत विचारला जाईल. तो विचारून शिक्षक तीन सेकंद थांबले आणि पहिल्या हाताला कुणी हसले नाही, तर दुसरा हात वर जायला फार दिवस लागणार नाहीत.